अतिक्रमण क्रमांक अकरा

तिबिलिसीच्या उत्तर टोकाला, ग्लदानीत,
नऊ मजली इमारती समोरासमोर उभ्या आहेत
आधी कोण बोलतं याची वाट बघणाऱ्या जावांसारख्या.
मधे अंगण. अंगणात सतरा पत्र्याची गॅरेजं.
मी पालिकेची. माझ्याकडे टेप, लाल पेन्सिल,
आणि एक कागद:
"मोकळी जागा निर्माण करणे."

इथली लिफ्ट नाणं टाकल्याशिवाय हलत नाही.
माझ्याकडे सुटे नव्हते.
एका बाईने माझ्यासाठी नाणं सरकवलं.
"चढायचेच पैसे," ती म्हणाली, "उतरणं फुकट."

गच्चीवरून सगळं सोपं दिसतं.
गंजलेली छपरं, मधे बोळ,
बोळात चेंडू शोधणारी पोरं.
जानेवारीत अँब्युलन्स आत येईना,
तेव्हा लमाराच्या नवऱ्याला गालिच्यात गुंडाळून
चार जणांनी रस्त्यापर्यंत नेलं.
रस्ता लांब नव्हता.
तरी लांब पडला.

सभेत सगळे म्हणाले, पाडा.
मग एकेक जण जवळ येऊन कानात म्हणाला,
आधी शेजारचं.

अकरा नंबरचा ओमारी सभेला आलाच नाही.
मी गेले तेव्हा कुलपात तेल सोडत बसला होता.
"बघायचंय? बघ."

आत गाडी नव्हती.
जमिनीपासून पत्र्यापर्यंत फळ्या,
फळ्यांवर बरण्या:
आंबट आलुच्यांची चटणी, लाल मिरचीचा ठेचा,
मीठपाण्यात मुरलेल्या कसल्याशा कळ्या,
प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर घर नंबर.
चौतीस. सात. एकोणसाठ.
"घरात तळघर कुठंय?" ओमारी म्हणाला.
"बाल्कनीत ठेवलं की आंबतं."

बावन्न नंबरच्या बरण्यांवर धूळ होती.
बावन्नवाली मझिया इटलीत
कुणाच्या तरी आईला आंघोळ घालते.
चार वर्षं झाली.
तिचे पीच उघडायची कुणाची छाती होत नाही.

मागच्या भिंतीला लांब फळकुटं टेकवलेली.
लग्नाला हीच, मयतालाही हीच,
फक्त चादर बदलते.

मी बाहेर येऊन पायरीवर बसले.
पाच वर्षं नोकरी, आणि माझ्या पेन्सिलीला
दोनच शब्द येत होते.
ओमारीने पावावर ठेचा लावून दिला.
डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटानं,
असं मी त्याला सांगितलं.

सोळा गॅरेजं गेली.
अकरासमोर मी लिहिलं: सामाईक कोठार.
साहेबांनी सही केली.
वाचलं नसावं.

पुढचं सगळं काही छान झालं नाही.
तुतीची तीन रोपं लावली, दोन जळाली,
तिसऱ्याचा पोरांनी गोलपोस्ट केला.
सहा नंबरवाला अजून माझ्याशी बोलत नाही,
त्याचा पत्रा चांगला होता म्हणे.
पण ऑक्टोबरात अँब्युलन्स आत आली,
अंगणात एक पूर्ण वळसा घेऊन दाराशी थांबली.
स्ट्रेचरवरून लमारा ड्रायव्हरला शिव्या देत होती.
जगली.

बाक मी तुतीखाली आखला होता,
तुती मोठी होईल या हिशेबानं.
माणसं तेवढी थांबत नाहीत.
सकाळी चौघी म्हाताऱ्या तो उचलून
पूर्वेच्या भिंतीशी नेतात, उन्हाला,
दुपारी अकरा नंबरच्या सावलीत,
संध्याकाळी डॉमिनोवाले ओढतात दिव्याखाली.
काँक्रीटवर पायांचे ओरखडे उठलेत.

दरवर्षी तपासणीला येते,
बाक जागेवर नाही अशी नोंद करते,
नकाशात आहे तिथेच पुन्हा ठेवायला सांगते.
हो म्हणतात, हसतात, ठेवतात.
माझी बस वळेपर्यंत.

यंदा नोंद केली नाही.
नकाशात बाकाशेजारी
एक छोटा बाण काढला,
मग अजून एक.